रेकॉर्ड जिथे उडी मारते

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय म्हणजे तुमच्यावर विश्वास आहे असं समजू नका — माझा कुणावरच नाही. दाराबाहेर चप्पल वाजली तरी मी आधी कान देतो, मग कडी काढतो. स्वभावच तसा झालाय, काय करणार?

मी लालबागला राहतो, बँजो पार्टीत सॅक्सोफोन वाजवतो. गणपतीचं आगमन असो की विसर्जन, मिरवणुकीत आम्ही असतोच. नऊ वर्षांपूर्वी चोरबाजारात मला एक जुनी रेकॉर्ड मिळाली. लॅटिन ठेक्यावरचा जॅझ. त्यात एक सॅक्सोफोन आणि एक व्हायब्राफोन — धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवतात ते. काय सांगू तुम्हाला! सॅक्सोफोन आपला निवांत रेंगाळतोय, पट्ट्या त्याला हळूच उत्तर देतायत, आणि खाली ठेका असा की बसल्या जागी पाय हलावा. आमचा कीबोर्डवाला दिगू, घोडपदेवचा, माझा शाळेपासूनचा दोस्त. आठवडाभर दुपारी आम्ही दोघं माझ्या खोलीत तेच ऐकत बसलो होतो.

रेकॉर्डवर एका जागी चरा होता. तिथे सुई उडी मारायची आणि चालीतल्या दोन मात्रा गायब. दिगूने त्या स्वतःच्या डोक्याने भरल्या आणि त्या चालीवर आमची आगमनाची सलामी बसवली. घरी, कानाला हेडफोन लावून. कारण सलामीची चाल आमच्यात आधी कुणी बाहेर कळू देत नाही. पार्टीतल्या बाकीच्यांनाही ती शेवटपर्यंत अर्धीच माहीत असते.

आगमनाच्या दिवशी आमच्या आधी परळची पार्टी उभी राहिली, आणि त्यांनी तीच चाल वाजवली.

आमचे मालक आप्पा. त्यांनी आम्हा दोघांना बाजूला घेतलं — पूर्ण चाल दोघांनाच ठाऊक होती ना. दिगूचा मेहुणा शेखर त्या परळच्या पार्टीत ताशा वाजवायचा, हे सगळ्यांना माहीत. आप्पा माझ्याकडे बघत राहिले. मी एकच वाक्य बोललो.

"आप्पा, शेखर परवाच दिगूकडे जेवायला होता."

खोटं कुठे होतं? होताच की जेवायला. पण तेवढ्यावर दिगूला भर रस्त्यात, सगळ्यांसमोर कीबोर्ड उतरवायला लावला. तो मला म्हणाला, "तू तरी सांग रे, मी असं करेन का?" मी सॅक्सोफोनचा पट्टा नीट करत राहिलो.

आता कितीही फिरवलं तरी इथे यायलाच हवं. परळवाल्यांनी चाल वाजवली तेव्हा त्यात दोन मात्रा नव्हत्या. नेमक्या त्याच. दिगू मागे टेम्पोवर, जनरेटरजवळ होता. त्याला धड ऐकूच आलं नाही. मला आलं. चाल दिगूकडून गेली असती तर भरलेली गेली असती ना? ती माझ्या रेकॉर्डवरून गेली होती. दिगू घरी गेला की मी रोज संध्याकाळी ती पुन्हा लावायचो — मोठ्याने, दार सताड उघडं टाकून. चाळीने ऐकावं, हा माझा माज. कडी लावायची सवय नंतरची. आणि आमच्याच मजल्यावर, तीन खोल्या सोडून, त्या पार्टीचा ट्रम्पेटवाला राहतो. आप्पांसमोर उभा होतो तेव्हा हे सगळं मला ठाऊक होतं. बोललो असतो तर दिगूच्या जागी मला काढलं असतं. म्हणून नाही बोललो.

दिगूला पुढे कुठल्याच पार्टीने घेतलं नाही. कुरियरच्या ऑफिसात लागला. वर्षभर मी त्याच्या तोंडाकडे बघायचो — याला कळलं का? आज असा का हसला? चहा न घेता का गेला? पण त्याला माझा संशयच आला नाही. त्याने धरलं शेखरला. जेवायला आला तेव्हा त्यानेच कीबोर्डमध्ये साठवलेली चाल गुपचूप ऐकली, असं दिगूच्या डोक्यात पक्कं बसलं. त्याने मेहुण्याशी बोलणं तोडलं. सुनंदा वहिनी, दिगूची बायको, शेखरची एकुलती बहीण. नऊ वर्षं झाली, त्यांनी भावाचं तोंड पाहिलेलं नाही. आणि दिगू अजून रविवारी माझ्याकडे येतो, ती रेकॉर्ड लाव म्हणतो. मी लावतो. सुई उडी मारते तिथे तो दोन मात्रा टेबलावर बोटांनी वाजवून पुऱ्या करतो, आणि मी कडीकडे बघत बसतो.

यंदा भाऊबीजेला त्याने मला घरी बोलावलं. गेलो. पाट मांडलेला, भोवती रांगोळी, वहिनी तबक घेऊन उभ्या.

"आजपासून भावोजी नाही म्हणायची," त्या म्हणाल्या, "दादा म्हणायची. मला दुसरं आहे कोण?"

मी पाटावर बसलो. टोपी नव्हती, म्हणून डोक्यावर रुमाल टाकला, आणि ओवाळून घेतलं.