काचेला चिकटलेल्या तिघीजणी

मामाचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीत, स्टुडिओत होते. जुने फोटो दुरुस्त करणं हे माझं काम.

"एसीचं पाणी भिंतीवरून उतरलंय गं. फ्रेम भिजली."

कुठली फ्रेम, हे विचारावं लागलं नाही. मामाने नोकरीची वर्षं अमेरिकेत काढली आणि तिथल्या जुन्या बाजारांतून शेकर लोकांचे फोटो, पोस्टकार्डं जमवली. शेकर हा तिथला एक ख्रिस्ती पंथ. लग्न करायचं नाही, मालमत्ता सगळ्यांची मिळून, बायका-पुरुष एकाच घरात पण जिने वेगळे. आता तो पंथ जवळजवळ संपलाय. मामानेही लग्न केलं नाही, म्हणून घरात सगळे त्याला शेकर म्हणून चिडवायचे. फ्रेममध्ये त्याचा सगळ्यात लाडका फोटो होता: बाकावर बसून शेंगा सोलणाऱ्या तीन बायका.

"काचेला चिकटलाय?"

"हो. पंख्याखाली ठेवलाय."

"पंखा बंद कर आधी! वाळला तर निघायचाच नाही. वर ओलं फडकं टाक. आणि ओढू नकोस."

कॅब घोडबंदर रोडवर अडकली. मी सारखी फोन करत होते. शेवटी मामा ओरडला, "फडकं ओलंच आहे! तू ये फक्त!"

पोचले तेव्हा एक कडा वाळली होती. ट्रेमध्ये गार पाणी घेऊन काच त्यात बुडवली. मामा समोर उभा. हळूहळू कागद सुटायला लागला. पहिली बाई सुटली, दुसरी सुटली.

"ओढ आता," मामा म्हणाला.

"थांब ना."

थांबूनही उपयोग झाला नाही. फोटो निघाला, पण वाळलेल्या कडेच्या बाईचा चेहरा काचेवरच राहिला. कागदावर तिची टोपी आणि मांडीवरची टोपली.

मामा काचेवर वाकला. मग म्हणाला, "मागे कुणाचंच नाव नव्हतं. ही कोण, ते कधी कळलंच नाही मला."

"काच स्कॅन करते. कॉम्प्युटरवर जोडता येईल."

"नको," तो एकदम तोडून म्हणाला. थोड्या वेळाने, "आज नको."

ओला फोटो पालथा घातला तर टिपकागदालाही चिकटला असता, म्हणून जेवणाच्या टेबलावर उताणा ठेवला. शेजारी काच. त्या दिवशी आम्ही दोघांनी खाली बसून वरणभात खाल्ला आणि पंखा लावला नाही.