मशीनमध्ये मान हलवायचं काम

आमची ही विसरायला लागली तेव्हा डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय काढायला सांगितला. तीनदा काढला, तिन्ही फोटो फुकट गेले. त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये माणसाला झोपवतात आणि आत ठकठक सुरू होतं. ठकठक झालं की ही मान उचलायची. म्हणायची, "आले आले, कडी काढते." दारात कोणी आलंय असं वाटायचं तिला. मान हलली की फोटो पुसट. डोक्यात नेमकं काय बिघडलं ते शेवटपर्यंत कोणाला दिसलं नाही. मागच्या पौषात गेली.

यंदा, तिचा एमआरआय काढला तिथल्याच, मशीनवर संशोधन करणाऱ्या मॅडमचा फोन आला. पेशंट हलला तरी फोटो साफ यावा म्हणून त्यांनी नवी युक्ती काढलेली. मान किती हलली ते मशीन ध्यानात ठेवतं आणि मागून फोटो जुळवून घेतं. तपासायला धडधाकट माणूस हवा होता, मुद्दाम हलणारा. निफाडहून पहिल्या एसटीनं नाशकात आलो. सातवी शिकलेल्याला निव्वळ हलायचं काम मिळतंय, सोडतो कशाला.

मॅडम म्हणाल्या, "बाबा, मी सांगितलं की मान डावीकडे, मग उजवीकडे."

"पेशंट काय कवायत करतो? आमची ही हलायची तसं हलून दाखवू का?"

त्या म्हणाल्या, "दाखवा."

आत गेलो. ठकठक झालं तशी मान उचलली आणि तिचा बारीक आवाज काढला, "आले आले, कडी काढते." बाहेरचा मशीनवाला खदखदून हसला ते मला आतल्या स्पीकरवर ऐकू आलं. मग मलाच हसू आवरेना. पोट हलतंय, खांदे हलतायत. ती असती तर नक्कल केली म्हणून लाटणं फेकून मारलं असतं. मग एकदम वाटलं, गेला, हाही फोटो गेला.

बाहेर दोन फोटो दाखवले. जुन्या पद्धतीचा नुसता ताकासारखा. नव्या युक्तीचा मात्र फ्लॉवरचा गड्डा चिरून ठेवावा तसा, घडी न् घडी दिसत होती.

"हे आधी असतं तर?"

"दिसलं असतं, बाबा. बरं झालं असतं असं नाही."

खरं बोलल्या, बरं वाटलं.

"पुढच्या म्हातारीचं दिसेल ना?"

"त्यासाठीच तर चाललंय."

"मग घाला परत आत. ती कूस कशी बदलायची ते राहिलंय."

मशीनवाल्यानं माझ्या डोक्याखालची उशी सारखी केली. म्हणाला, "काय आजी, तयार?"

मी म्हटलं, "थांब रे बाबा, पदर तर खोचू दे."