राक्षसांच्या फौजेतला

थेटरात दर शनिवारी सिनेमाचं चित्र बदलायचं आणि रविवारी सकाळी शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळाच्या तोंडाशी त्याचा निकाल लागायचा. शिंप्याच्या दुकानाचा कट्टा हे आमचं कोर्ट. स्वतः शिंपी, मी, समोरच्या तालमीतले दोघे आणि दूध घेऊन घरी निघालेला कुणीही. बोलपट यायला अजून अवकाश होता, त्यामुळे बोलायचं काम सगळं आमच्याकडे असे.

शिंपी दखनीत बोलायचा, आणि फक्त कपड्यांविषयी. "राजा का अंगरखा देखे क्या? बगल में तंग. हात उठाया तो फटताच!" तालमीतल्यांना पडद्यावरची प्रत्येक कुस्ती खोटी वाटे. मी तत्त्वाविषयी बोलायचो. माझं वाचन पत्रकांवर झालेलं. वडील गिरणीत होते. सुटीच्या वेळी दरवाजात कुणी ना कुणी पत्रकं वाटत असे, संपाची, दारूबंदीची, स्वदेशीची, पाणवठे सर्वांना खुले करा अशी. वडिलांना वाचता येत नव्हतं. ते घडी घालून घरी आणत आणि माझ्यापुढे टाकत, "बग रं, काय म्हन्त्यात." शाळेच्या पुस्तकात गाय होती आणि बदक होतं. पत्रकात 'उठा' होतं. मी पत्रकाच्या बाजूचा झालो. पुढे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला लागलो तेव्हा पत्रकं लिहूही लागलो.

म्हणून देवादिकांच्या चित्रांवर माझा दात होता. हजार माणसं अंधारात बसवायची आणि त्यांना सांगायचं काय, तर तुम्ही काही करू नका, शेवटच्या रिळात देव येईल. हे मी कट्ट्यावर उभा राहून सांगायचो. शिंपी सुई तोंडात धरून ऐकायचा आणि म्हणायचा, "हौ, सच्ची बात. मगर पीतांबर अच्छा था."

माझा थोरला भाऊ कोल्हापूरला एका सिनेमा कंपनीत होता. नट नव्हे. गिरणीचं काम सोडून गेला आणि गर्दीत उभा राहायचं काम त्याला मिळालं. दिवाळीला आला तेव्हा आईनं विचारलं, "कसलं सोंग दिलंय रं तुला?"

"राकीस हाय मी. तोंडाला काळं, दाढी लोकरीची."

"लोकरीची?"

"आपल्याच मेंढरांची असंल बग. वास तसाच हाय." आमचं मूळ गाव सांगोल्याकडचं, मेंढरांचं. आई खूप हसली.

"मग वळखायचा कसा तुला?"

"देव परगट हुतो, तवा आमी वरडत म्होरं येतो. मी अगदी म्होरं हाय. समद्यांचा भाला उजव्या हातात, माजा डाव्यात. मालक लई वरडला, पर मला उजव्यानं जमंना. मग म्हनला, ऱ्हाऊ दे, राकीसच हाय."

पुढच्या श्रावणात तो तिकडेच तापानं गेला. कंपनीतला एक माणूस सांगायला आला तोवर सगळं आटोपलं होतं. आम्हाला त्याचं तोंड बघायला मिळालं नाही. घरात त्याचा फोटो नव्हता. फोटो काढण्याइतकं महत्त्वाचं काही आमच्याकडे कधी घडलंच नव्हतं.

घरात कुणी मोठ्यानं रडलं नाही. आई दोन्ही वेळा चूल पेटवायची. वडील भोंगा झाला की निघायचे. मला वाटलं होतं की मला राग येईल, कारण राग ही माझी रोजची सवय होती. कंपनीचा येईल, तिथल्या डॉक्टरचा येईल, देवाचा तर येईलच. कुणाचाच आला नाही. लिहायला बसलो की पहिली ओळ बरी जमायची आणि दुसरीच्या वेळी मी खिडकीतून बाहेर बघत बसायचो. बाहेर काही नसायचं.

मार्गशीर्षात भावाच्या त्या चित्राची जाहिरात आमच्याच छापखान्यात आली. नाव भावानं सांगितलेलं होतं, तेव्हा शंका नव्हती. खिळे मीच जुळवले. 'भगवंताचे साक्षात दर्शन. स्त्रियांना बसण्याची स्वतंत्र सोय.' हात आपोआप चालत होते. दुपारी बैलगाडीवर बाजा वाजत निघाला आणि मी जुळवलेले कागद पेठेत उडत गेले.

घरी येऊन मी सांगितलं. आईनं हातातलं पीठ परातीत झटकलं.

"मला बगायचंय."

वडील म्हणाले, "वरीस न्हाय झालं अजून. वरीसभर जत्रा न्हाय, तमाशा न्हाय, सिनिमा न्हाय. लोक काय म्हन्तील? पोरगं गेलं आन् ही चित्रं बगत हिंडतीया."

"लोकांस्नी काय बी म्हनूं दे. मला त्येचं तोंड बगायचंय."

"तोंड कुटं हाय? काळं फासलंय त्येला."

"असूं दे की."

वडिलांनी नकाराची मान हलवली. मग मी खिशातून जाहिरात काढली आणि वाचून दाखवली. "साक्षात दर्शन, आप्पा. देवळात जायला वर्षभर बंदी आहे का?"

"देवळाला कशाची बंदी? तेरावं झालं की जातोय की."

"मग हे तसंच. लोक चपला बाहेर काढून बसतात. नारळ फोडतात."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. माझी रविवारची भाषणं त्यांच्या कानावर जात असत. "तू म्हन्तोस व्हय हे?"

"मी म्हणतो."

"दर्सन म्हन्तोस त्येला?"

"हो."

सोमवारी आम्ही तिघे गेलो.

थेटर पत्र्याचं. बायका पुढे दोरीच्या आत जमिनीवर बसायच्या, पुरुष मागे बाकांवर. दाराशी चपलांचा ढीग होता. आई दोरीच्या आत गेली आणि तिनं पदर पुढे ओढून घेतला, खरोखर गाभाऱ्यात बसावं तसा. पडद्याच्या खाली पेटी आणि तबला. पडद्यावर मजकुराची पाटी आली की वाचता येणारे ओरडून वाचायचे, मागच्या बाकावरचा कुणी ते तेलंगी विणकरांसाठी तेलुगूत सांगायचा, आणि तोवर पाटी गेलेली असायची.

शेवटच्या रिळात टेकडीमागून राक्षसांची फौज वर आली. लहान लहान काळी माणसं, मग मोठी. मी वाकून बसलो. तेवढ्यात पडद्याच्या वरच्या अंगाला देव प्रगट झाला आणि पुरुषांचे सगळे बाक एकदम उभे राहिले. हात जोडून, नावाचा जयजयकार करीत. समोर पैसे पडल्याचा आवाज, नारळ फुटल्याचा आवाज. मी बाकावर चढलो. माझ्यापुढे फेटे होते, आणि फेट्यांच्या वर देवाचा मुकुट तेवढा. कुणीतरी माझा सदरा ओढून म्हणालं, "अवो, देवापुढं बाकावर काय चढताय?" वडीलही उभेच होते, डोळे मिटून. लोक खाली बसले तेव्हा मैदानात राक्षस पालथे पडलेले होते.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "दिसला."

वडील थांबले. "कंचा?"

"म्होरला. डाव्या हातात भाला हुता की. दाढी वाऱ्यानं उडत हुती. म्हाताऱ्यावानी दिसत हुता." बायकांच्या मांडीवर पोरं होती, त्या बसूनच हात जोडत होत्या. तिच्यापुढे कुणी उभं राहिलं नव्हतं. "तुमाला न्हाय दिसला?"

"मी देवाला हात जोडलं हुतं," वडील म्हणाले.

"आन् तुला रं?"

"पुढची माणसं उभी राहिली."

"हां," ती म्हणाली. आम्ही घरी निघालो. मी तिच्या मागून चालत होतो. तिच्या पायात चपला होत्या की ती थेटरातच विसरली होती, हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नाही. ती घरापर्यंत अनवाणीच आली होती. वडील परत जाऊन चपला घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात जाताना शिंप्यानं हाक मारली. तालमीतले दोघे तिथे होतेच.

"क्या मियाँ, सुने देव का चित्र देखे कते तुमे. बोलो. आज तो तुमारे भाषण से दुकान जलेगा."

तालमीतला एक म्हणाला, "दम घ्या, आवाज लावतोय अजून."

"चांगलं आहे," मी म्हणालो.

"हां?"

"चित्र चांगलं आहे."

"बुखार है क्या तुमकू? देव का चित्र, और चांगलं?" शिंपी हसला. मग त्याला माझा भाऊ आठवला असावा, कारण त्यानं तोंडातली सुई काढून कापडात टोचली. मग म्हणाला, "राक्षसों के कपड़े किसी ने दिल लगाके सिये भाई. मैं देखा. राजा से अच्छे." तालमीतल्यानंही मान हलवली. "लढले बी बरं," तो म्हणाला. कुठल्याच चित्रातल्या लढाईला त्यानं याआधी बरं म्हटलेलं नव्हतं.

बोळातल्या नळावर आईलाही बायका विचारत. तिनं जन्मात पहिल्यांदाच चित्र बघितलं होतं, आणि आता तिला मत होतं.

"देव बारका हाय. राकीस चांगलं हायत."

"अगं बया! राकीस चांगलं म्हन्तीस व्हय?"

"कष्टाचं काम हाय त्येंचं. देव नुस्ता हुबा ऱ्हातोय."

बायका हसल्या. आई हसली नाही. तिनं घागर उचलली.

बुधवारी भाकरी थापता थापता ती मला म्हणाली, "दुसरा कुनी डावरा असंल का रं त्येंच्यात?"

"असेल. नसेलही."

"म्या एकटीनंच बगितला. मला तसं वाटलं आसंल." तव्यावरची भाकरी तिनं उलटली. "तू बग एकदा. म्होरं बसून बग. तू म्हन्लास त्योच, तर त्योच. तुला खोटं बोलता येत न्हाय."

हे तिनं कौतुकानं म्हटलं नव्हतं. घरात खोटं न बोलणाऱ्या मुलाचा त्रासच जास्त होता. पाहुण्यांना मी तोंडावर बोलायचो, त्यामुळे दोन घरं तुटली होती. आता तिला त्या सवयीचा एक उपयोग सापडला होता.

शुक्रवारी शेवटचा खेळ होता. आम्ही तिघे पुन्हा गेलो. या वेळी वडिलांनी काहीच विचारलं नाही. मी तबलजीशी बोलून ठेवलं होतं. त्याच्या शेजारी पडद्याच्या अगदी खाली मला जागा मिळाली. तिथून माणसं तिरपी आणि लांबट दिसत होती, पण माझ्यापुढे कुणी उभं राहणं शक्य नव्हतं. मागे दोरीपाशी आई बसली होती. सगळा खेळ मी वाट बघत काढला. त्याच्यावरची माझी मतं मला आठवतच नव्हती.

फौज टेकडीमागून वर आली. लहान माणसं. मोठी होऊ लागली. भाले दिसले. कोणता हात, हे अजून कळत नव्हतं. मग पडदा एकदा पांढरा झाला, चित्रानं उडी घेतली, आणि राक्षस मैदानात पालथे पडलेले होते.

मागे माणसं अर्धवट उठली होती. त्यांना काय झालं ते कळेना. काही बसली. कुणीतरी शीळ घातली. एकजण ओरडला, "देव कुटं हाय? आमचा देव दावा की!" तबलजीचा हात जयजयकाराच्या ठेक्यावर पडून गेला होता. तो तसाच वाजवत राहिला.

दिवे लागल्यावर मी शिडी चढून यंत्राच्या खोलीत गेलो. यंत्र चालवणारा रिळं डब्यात भरत होता.

"ती देवाची जागा," मी म्हणालो.

"माहीत आहे हो, ओरडू नका." मी ओरडलो नव्हतो. "बुधवारी फिल्लम अडकली आणि दिव्यानं जळाली. जळालेलं कापून जोडलंय. मालक मला आधीच बोललाय. त्याच जागेला पैसे पडतात."

"कापलेला तुकडा कुठे आहे?"

"जळालेला तुकडा कोण ठेवतो? टाकला." त्यानं डब्याचं झाकण दाबलं. "तुमचा नवस होता का काही?"

"नाही."

एरवी मी दुसऱ्याच दिवशी पत्रक काढलं असतं. पूर्ण चित्राचं तिकीट घेऊन अपुरं चित्र दाखवणं ही लूट आहे, असा मथळा सहज जमला असता. मी शिडी उतरून खाली आलो.

आई आणि वडील दिव्याच्या खांबाखाली उभे होते. लोक त्यांच्या दोन्ही बाजूंनी चपला शोधत जात होते.

"ती जागा जळाली होती," मी सांगितलं. "कापून टाकलीय."

"कापली?"

"हो."

वडील म्हणाले, "हितनं चित्र दुधनीला जानार म्हनत हुता त्यो दारावरचा. रेल्वेनं जाऊन येऊ. बगू तितं."

"तितं बी हीच फिल्लम न्हवं?" आईनं मला विचारलं.

"हीच."

तिनं मान हलवली. मग माझ्याकडे नीट बघितलं. तिला काय विचारायचं आहे ते मला कळलं, आणि तिनं ते विचारलंही. "मग, तुला काय वाटतंय? त्योच हुता का?"

नाटक-सिनेमाबद्दल, देवाबद्दल, गिरणीच्या मालकांबद्दल, कशाहीबद्दल माझ्याकडे मत असे. तिला एका शब्दाचं मत हवं होतं. तो शब्द काय आहे हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी तो तोंडात आणून बघितला.

"मला माहीत नाही, आई," मी म्हणालो. "मी नाही बघितला."

"बरं," ती म्हणाली. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि घराच्या दिशेनं चालू लागली. थोडं पुढे गेल्यावर, वळून न बघता म्हणाली, "मग म्या बगितला तेवढाच."