वखारीच्या दारातली आई

निजामाच्या अमलात आमच्या गावाला राखणदार दोन होते, पण आमची राखण कुणीच करत नव्हतं. एक सरकारी जवान. चोरी झाल्यावर यायचा आणि कोंबडी खाऊन जायचा. दुसरा रोहिला. कापसाच्या व्यापाऱ्यानं पगारावर ठेवलेला, वखारीच्या दारात बंदूक घेऊन बसलेला. गडी धिप्पाड, पण वखारीपलीकडं गाव जळालं तरी उठायचा नाही.

पेरणी तोंडावर आली आणि रात्रीतून अंगणातला आमचा एक बैल चोरीला गेला. एका बैलावर तिफण चालत नाही. सगळं पीकच हातचं जाणार होतं. वडील ठाण्यावर गेले. सरकारी माणूस घरी येणार म्हणून आईनं अंगण झाडलं, सडा घातला, वर रांगोळीही काढली. जवानानं आल्याआल्या चोराच्या पावलांचा माग विचारला. माग सड्याखाली! वडिलांनी कपाळावर हात मारला. आज हसू येतं, तेव्हा मला रडू कोसळलं होतं.

त्या दिवशी धारूरचा बाजार होता. चोर बैल विकायला तिकडंच जाणार, हे उघड होतं. पण घाटातून एकट्यानं जायची जवानाची छाती होईना. वडिलांनी जवानाला घेऊन वखारीच्या दारात रोहिल्याला गाठलं; मागोमाग आई आणि मीही गेलो. तो मोडक्या मराठीत म्हणाला, "मी वखारीचं मीठ खातो. दार सोडता येत न्हाई. अन् चोर धरला तरी माझं कोण ऐकतं? सरकारी पट्टा याच्याकडं हाय."

आई तरातरा पुढं आली. "एकाकडं पट्टा हाय, एकाकडं छाती हाय. मग दोघं मिळून जावा की! दार मी राखते."

"तुमी?" वखारीतून बाहेर आलेला व्यापारी दचकलाच.

"कावून? वखार काय पळून जाती का?"

तिनं आळीतल्या बायका गोळा केल्या आणि मुसळं घेऊन वखारीच्या दारात ठाण मांडलं. व्यापाऱ्यानं त्यांच्याकडं एकवार पाहिलं आणि रोहिल्याला जायची खूण केली. रोहिल्याला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

दिवस मावळायच्या आत दोघं परतले. चोराला बाजारातच धरून धारूरच्या ठाण्यात दिलं होतं आणि बैल सोबत आणला होता. दिवसभर दारात गरजणारी माझी आई बैलाच्या गळ्यात पडून लेकरासारखी रडली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "जेवल्याबिगर दोघांनीबी जायचं न्हाई."

जवान आणि रोहिला आमच्या अंगणात शेजारी शेजारी बसून जेवले. सकाळी आमची तिफण चालली.