चुकीच्या उत्तरांचा कारागीर

परीक्षेत मुलांपुढे चार उत्तरं ठेवतात. एक बरोबर, तीन चुकीची. बरोबर कोणतं, हे सगळे विचारतात. ती चुकीची तीन कुणी बसून लिहिली असतील, याची चौकशी आजवर कुणी केल्याचं ऐकिवात नाही. तर ती पर्यायकाका लिहीत. खरं नाव काहीतरी होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी उपयोगी पडे.

काकांची शिक्षण कंपनी इतकी अवाढव्य, की तिथे रोज कुणाचा ना कुणाचा वाढदिवस निघे आणि रोज मधल्या मोकळ्या जागेत केक कापला जाई. वाढदिवस कुणाचा हे कापणाऱ्याखेरीज कुणाला ठाऊक नसे, पण टाळ्या मात्र मनापासून पडत. चहा फुकट, खुर्च्या मागे कलणाऱ्या, पगार वेळेवर. म्हणून आवडतं काय, हे तिथले लोक ठणठणीत आवाजात सांगत. आवडत नाही काय, असं विचारलं की आधी मागे वळून बघत. मग कुजबुजत. एसी एवढा, की भर उन्हाळ्यात बायका शाली पांघरून बसतात. मीटिंगमध्ये काय बोलायचं हे ठरवायला आधी एक मीटिंग असते. आणि मोठे साहेब ऊठसूट ‘आपण सगळे एक कुटुंब’ म्हणतात, पण रजा मागायला गेलं की त्या कुटुंबातलं कुणी ओळखच दाखवत नाही.

काकांचं दुखणं जरा निराळं होतं. फसवे पर्याय लिहिणारे खालच्या मजल्यावर बसत, बरोबर उत्तरांची स्पष्टीकरणं लिहिणारे वरच्या. खाली ट्यूबलाइटचा उजेड, वर मोठमोठ्या खिडक्या. काकांना वर जायचं होतं. खिडक्यांसाठी नव्हे, मेहुण्यासाठी.

हा मेहुणा म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ. जेवायला आला की पहिल्या घासालाच सुरू होई.

“काय भावोजी, आज काय काय चुकवलंत?”

“तुझ्यासारखं फुकट नाही चुकवत मी. पगार घेतो.”

काकू तेवढ्यापुरतं हसू दाबत, पण भाऊ गेल्यावर भांडी जरा जोरातच घासत. “शेजारच्या वहिनी विचारत होत्या, तुमचे हे करतात काय म्हणून. मी म्हटलं, शिक्षणात आहेत. त्यापुढं काय सांगू? चुकीचं लिहितात म्हणून?”

आता खरं सांगायचं तर काका आपल्या कामात मुरलेले होते. चुकीचं उत्तर लिहायला काय लागतं, असं ज्याला वाटतं त्याने एकदा लिहून बघावं. ते चुकीचं तर हवंच, पण मुलाला मोह पडेल असंही हवं. ज्याला एकही मूल फसत नाही, त्याला खालच्या मजल्यावर ‘मेलेला पर्याय’ म्हणत. आपला पर्याय मेल्याचं कळलं की काकांच्या डब्यातली पोळी तशीच परत येई. शेजारच्या टेबलावरच्या भूगोलाच्या बाई तर त्यांच्याशी हातघाईवर येऊन भांडत.

“शी! हा पर्याय आहे? याला मांजरसुद्धा फसणार नाही काका!”

“मांजर नाही फसणार. तुम्ही मात्र काल फसला होता!”

असं दिवसभर चाले. दोघांनाही घरी जायचं भान राहत नसे.

शेवटी वरची एक जागा रिकामी झाली आणि वरच्या मॅडमनी काकांना थोडे दिवस करून बघा म्हणून बोलावलं. काकूंनी त्याच संध्याकाळी ही बातमी सगळ्या इमारतीत पोचवली. लिफ्ट बंद होती, तरी पोचवली.

वर गेले, तर काय शांतता! कुणी कुणाशी बोलेना. पंख्याच्या आवाजाचाही त्रास होईल अशी माणसं. विज्ञानाचे मास्तर आणि उत्तरं पडताळणाऱ्या बाई वर्षानुवर्षं समोरासमोर बसून फक्त माना डोलवत. बरोबरच आहे म्हटल्यावर बोलणार काय?

काकांच्या वाट्याला प्रश्न आला, बर्फ पाण्यावर का तरंगतो? त्यांनी स्पष्टीकरण लिहिलं: पाण्यापेक्षा बर्फाची घनता कमी असते, म्हणून. एवढ्यावर थांबायचं होतं. पण प्रश्नाखाली ‘बर्फात हवा अडकलेली असते’ हा पर्याय दिसला आणि काकांचा जीव त्याच्यात अडकला. काय सुंदर चूक होती! ही चूक मुलाला खरी का वाटते, हे त्यांनी असं काही रंगवून लिहिलं, की पान भरलं.

ते पान पडताळणाऱ्या बाईंकडे गेलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला.

“मास्तर, पण बर्फात बुडबुडे असतातच की हो.”

“असतात. म्हणून काय झालं?”

“म्हणजे हवाच ना?”

“बाई, तुम्हीसुद्धा?”

झालं. बाई तरातरा कँटीनमधून ग्लासभर बर्फ घेऊन आल्या. मास्तरांनी एक खडा उजेडाकडे धरला आणि तेही बुडबुडे मोजू लागले. माणसं खुर्च्या सोडून जमली, दोन तट पडले, कुणाचा तरी चहा लवंडला. मॅडम आल्या तेव्हा मास्तरांच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं.

“हे कुणामुळे झालं?”

सगळ्यांनी काकांकडे बोट दाखवलं. त्या दुपारी एकमत झालं ते एवढंच.

मॅडमनी काकांना खोलीत बोलावलं. “काका, बरोबर उत्तराला एक ओळ आणि चुकीच्याला पानभर?”

“बरोबर उत्तराची बाजू सगळेच घेतात हो मॅडम. त्या चुकीच्या बिचाऱ्याला कोण विचारतं?”

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. “खरं सांगा, इथं वर काय आवडलं?”

“खिडक्या.”

“आणि आवडलं नाही?”

“इथं कुणी भांडत नाही. आज भांडले, तेवढंच काय ते करमलं.”

“राहायचं असेल तर राहा. पण चुकीच्याचं नाव काढायचं नाही. एक ओळ, पूर्णविराम, पुढचा प्रश्न.”

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. डोळ्यांपुढे मेहुण्याची बत्तिशी आली, काकूंची भांडी आली. मग त्यांनी डबा उचलला आणि जिना उतरून खाली आले. भूगोलाच्या बाईंनी मान वर न करताच विचारलं, “आलात? हे बघा जरा, हा मेलाय का?”

संध्याकाळी काकांनी सगळं खरं खरं सांगितलं. काकू मटकन खुर्चीत बसल्या. “आणि मी सगळ्यांना सांगून बसले!” तेवढ्यात जेवायला मेहुणा उगवला आणि त्याच्या मागोमाग वाटीभर साखर मागायला शेजारच्या वहिनी. वहिनींना साखरेची घाई मुळीच नव्हती.

“यांना परत खाली पाठवलं म्हणे?” हे वहिनींना कसं कळलं, देव जाणे.

काका तोंड उघडणार, तोच काकू उठल्या.

“पाठवतंय कोण! वर यांनी असं काही लिहिलं, की मोठी मोठी विद्वान माणसं हमरीतुमरीवर आली. मॅडम म्हणाल्या, राहायचं असेल तर राहा. पण यांनीच विचार केला, आपण वर बसलो तर खालच्यांचं कसं व्हायचं?”

“म्हणजे... भावोजींनी बढती सोडली?” मेहुण्याचा घास हातातच राहिला.

“मग! सगळ्यांना जमतं का ते?”

काका ताटात बघत राहिले. बहुतेक शब्द खरे, अन् एकत्र केले की साफ चुकीचं, आणि समोरची दोघंही अलगद फसलेली. खालच्या मजल्यावर असा पर्याय एका फटक्यात मंजूर झाला असता. कौतुकाने त्यांना ठसका लागला.

वहिनी साखर न घेताच गेल्या. काकूंनी दार लावलं आणि दबक्या आवाजात बजावलं, “आता उद्यापासून कुणी विचारलं तर तुम्ही गप्प बसायचं. मी बोलेन. तुम्हाला खोटं अजिबात जमत नाही.”