आवाज अडवणारे इअरबड्स

मंडळी, घाईत लिहितेय. टायपिंग समजून घ्या.

मी साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर काम करते. ट्रॅक्टरवाल्यांच्या मोठ्ठ्या गाण्यांनी दिवसभर डोकं उठतं, म्हणून बाहेरचा आवाज अजिबात आत येऊ न देणारे इअरबड्स शोधून शोधून घेतले.

आमच्या यार्डात मागं वळून कुणी बघत नाही. गाणं मोठं झालं की ट्रॅक्टर जवळ आला, बाजूला व्हायचं, एवढंच अंगवळणी पडलंय. आज बड्स घालूनच चहाला निघाले. सगळं शांत, म्हणजे मागं कुणी नाही असंच वाटलं. तेवढ्यात वॉचमन तात्यांनी दंडाला धरून ओढलं आणि उसानं भरलेली ट्रॉली ओढणीला घासून गेली.

"पोरी, किती हाका मारल्या! ऐकू येत न्हाय व्हय?"

खरंच, एकही ऐकू आली नव्हती.

माझ्याच आग्रहानं धाकट्या भावानं तसलेच घेतलेत. तो आत्ता बारामतीहून कळसला बाईकवर निघालाय, त्याच ट्रॉल्यांच्या रस्त्यानं. फोन लागत नाही.

त्या वाटेवर कुणी आहे का? लाल बाईक, पाठीला निळी सॅक. हाक मारू नका. समोरून हात करा.