कणगीपुढे बसून राहणाऱ्या बायजाबाई

‘पहिला परिचय कसा झाला, तेवढे आधी लिहा,’ असे बायजाबाईंच्या सत्कार समितीने बजावले आहे. लिहितो, पण तो परिचय गोड नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षे झाली असतील. मी लस टोचणारा, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘देवी डॉक्टर’. उल्हासनगरच्या सिंधी निर्वासितांच्या छावणीपासून बदलापूरच्या पाड्यांपर्यंत बर्फात ठेवलेली लस घेऊन माझी पायपीट चाले. खरवईत बायजाबाईंनी दारातूनच सांगितले, “माजे घरान पोर नाय.” मी वहीत तसे लिहिले आणि पुढच्या घरी गेलो. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा त्या वेळी आतल्या कणगीत होता. भात साठवायची ती शेणाने सारवलेली बांबूची कणगी अर्धी रिकामी होती, आणि त्यांनी स्वतःच त्याला तीत बसवले होते. टोचून घेतले तर देवी कोपते, असे तेव्हा घरोघर मानत. महिन्याभरात गावात देवी आल्या. मुलगा गेला.

पुढे त्यांचे यजमान अंबरनाथच्या कारखान्यात लागले आणि तिकडेच राहिले. शेत दिरांनी कसायला घेतले. सकाळी चूल पेटवायची ती कोणासाठी, हे कळेनासे झाले होते, असे बायजाबाईंनी पुढे मला सांगितले. एके दिवशी त्या छावणीतल्या आमच्या दवाखान्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. मला वाटले, शिव्या घालायला आल्या. मी दाराआड सरकलो, खोटे कशाला सांगू?

त्या म्हणाल्या, “मना बरोबर न्या. पोरां कुठं लपवतान, ते मना म्हायती हाय.”

तेव्हापासून त्या माझ्या मदतनीस झाल्या आणि आम्ही जोडीने हिंडलो. छावणीतल्या बराकींत दोन कुटुंबांमध्ये नुसती चादर टांगलेली असे. मी एका टोकाने शिरलो की पोरे चादरीखालून सटकत पार दुसऱ्या टोकाला. बायजाबाई त्या टोकाला आधीच जाऊन उभ्या राहत. सिंधीतला ‘कोन्हे’, म्हणजे ‘नाही’, हा शब्द त्या सर्वांत आधी शिकल्या. शिकणारच, दारोदार तोच ऐकू येई. सिंधी आया त्यांच्यावर चिडत आणि नंतर त्यांनाच चहा पाजत. माझ्या वाट्याला चहा क्वचितच आला.

शिरगावची ती दुपार मात्र आजही आठवते. आम्ही ज्या घरी गेलो, त्याच्यापासून दोन घरे सोडून एका दारावर कडुलिंबाचा डहाळा लटकत होता; म्हणजे तिथे देवी आलेल्या होत्या. इथली तरुण आई उंबऱ्यात आडवी उभी. “पोर नाय,” ती म्हणाली. बायजाबाई तिच्या बाजूने आत गेल्या आणि कणगीपुढे जमिनीवर बसल्या. कणगीवर झाकण होते आणि झाकणावर पाटा. आत गुदमरायला किती वेळ लागतो, एवढेच माझ्या डोक्यात घुमत होते. मी पाट्याला हात घातला.

“हात काढा, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “ती काढल. आपण काढली, तं पुढच्या वेळी रानान लपवल.”

बर्फ वितळत होता. मी हात काढून घेतला. बायजाबाईंनी त्या आईकडे न बघता हळू आवाजात सांगितले, “माजा पण असाच बसलेला. मी सांगितलेला, बोलू नको. नाय बोलला बिचारा.”

ती आई भिंतीला टेकली. मग एकाएकी धावली, पाटा खाली ढकलला आणि घामाने निथळणारी मुलगी वर ओढून काढली. मी तिला लगेच टोचले.

परतताना बायजाबाईंनी रस्त्यात विचारले, “डॉक्टर, त्या दिशी माजे घरान तो खोकलेला. तुमी ऐकला ना?”

ऐकला होता. ऊन मी म्हणत होते, अजून आठ घरे उरली होती, आणि बाई ‘नाही’ म्हणते तर आपण सुटलो, असे मला वाटले होते. हे मी बायकोलाही सांगितले नव्हते. मी म्हणालो, “ऐकला.”

त्या चालता चालताच म्हणाल्या, “मंग आता परत्येक घरान बसायचा. बाई ‘नाय’ बोलली, तरी बसायचा.”

त्या वाक्यावर आम्ही दोघांनी पुढची नोकरी काढली. त्यांनी मला कधी माफ केले नाही, आणि कधी एकटे पाठवलेही नाही. आज त्या साठीच्या झाल्या. त्यांचे गुडघे दुखतात, तरी उठून कामाला लागतात. त्यांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. मी एकदा घाई केली, ती त्यांना भोगावी लागली. देवाने त्यांच्या बाबतीत मुळीच घाई करू नये.